कोंबिनीतला भात: खिसा सांभाळून पोट भरायचं तर

माझी पहिली ओनिगिरी, म्हणजे बहुधा आत सारण भरून वळलेला जपानी भाताचा गोळा, मी वाया घालवली. संध्याकाळी दोन घेतल्या, एक खाल्ली, दुसरी सकाळी खाऊ म्हणून फ्रिजमध्ये टाकली. सकाळी दाताखाली जे आलं तो भात कमी आणि खडू जास्त होता. दुकानाने शिळा माल गळ्यात मारला, असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले. शेवटी वसतिगृहातल्या एका सीनिअर ताईने विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवली होतीस का गं?" आणि माझी तक्रार तिथेच मिटली.

जपानमध्ये शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेल्या, खोलीत अजून शेगडी नसलेल्या आणि पगाराची तारीख बोटांवर मोजणाऱ्या मराठी माणसासाठी हे लिहितेय. कोंबिनी म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचं, बहुतेक ठिकाणी चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. सेव्हन-इलेव्हन या कंपनीचं जपानमधलं पहिलं दुकान १९७४ साली तोक्योच्या तोयोसू भागात उघडलं. आज सगळ्या कंपन्यांची मिळून देशात ५५ हजारांच्या आसपास दुकानं आहेत. ओनिगिरी ही घरी आईने वळायची गोष्ट, ती विकत कोण घेणार, अशी शंका त्या काळी होती. तरी १९७८ मध्ये ती दुकानात आली, १९८३ मध्ये ट्युना-मेयोनीजची आली, आणि पुढे शंका घेणारं कोणी उरलं नाही.

आधी कपाट ओळखा

भाताचे पदार्थ दुकानात तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि त्यामागे कारण आहे. शिजलेल्या भातातला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट व्हायला लागतो, आणि शून्य ते पाच अंशांच्या आसपास हे सगळ्यात झपाट्याने होतं. म्हणजे नेमकं आपल्या फ्रिजचं तापमान. म्हणून ओनिगिरी, सुशीच्या गुंडाळ्या आणि बरेचसे बेंतो (तयार जेवणाचे डबे) साधारण २० अंशांच्या कपाटात ठेवतात. हात लावून बघा, गारवा असतो पण गारठा नसतो. इथला भात आहे तसा खाण्यासाठीच शिजवलेला असतो. तो मऊ राहतो, पण टिकतो थोडाच वेळ.

दुसरं कपाट खरंच थंड असतं. तिथे दोनबुरी (भातावर घातलेलं मांस किंवा अंडं), दोरिया (वर सॉस आणि चीज घालून भाजलेला भात), फ्राइड राइस असे डबे असतात. हे जास्त दिवस टिकतात, पण गरम केल्याशिवाय खाण्यात अर्थ नाही. थंड खाऊन "जपानी डबे कोरडे असतात" म्हणणारे मला बरेच भेटलेत.

तिसरी जागा साध्या मांडणीवर: पाकीटबंद शिजलेला भात, रेटॉर्ट करी (हवाबंद पाकिटातली शिजलेली करी), गरम पाणी ओतायचे कप. त्यांच्याकडे नंतर येते.

पहिल्या दिवशी नुसता भात

नवा माणूस सरळ सगळ्यात रंगीत बेंतो उचलतो, आणि मग काय आवडलं, काय नाही हेच त्याला सांगता येत नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशी शिओ मुसुबी घ्या. नुसता भात आणि मीठ, बाकी काही नाही. (काही दुकानं ओनिगिरीला ओमुसुबी म्हणतात. वस्तू तीच.) जपानी तांदूळ आखूड दाण्याचा आणि चिकट. इंद्रायणीची सवय असेल तर तो परका वाटणार नाही, बासमतीवर वाढलेल्यांना दोन दिवस लागतात. एक घास घ्या आणि बघा: दाणे एकमेकांना धरून आहेत, पण दाबून लगदा झालेला नाही ना? चावल्यावर शेवटी थोडी गोडी येते का? ज्या दुकानाचा नुसता भात आवडला, त्याची बाकीची ओनिगिरी सहसा निराश करत नाही. माझं आवडतं दुकान मी असंच ठरवलं, मधल्या सारणावरून नाही.

मग रोज एक सारण वाढवत जा. उमे, म्हणजे खारवलेलं आंबट उमे फळ. आपल्या लोणच्याच्या जिभेला ते लगेच पटतं. कोंबू, म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेलं गोडसर समुद्री शेवाळ. शाके म्हणजे साल्मन. त्सुना मायो म्हणजे ट्युना आणि मेयोनीज, मासे खाणाऱ्यांसाठी सगळ्यात बिनधोक सुरुवात. मेन्ताइको म्हणजे तिखटात मुरवलेली माशाची अंडी, आणि इथल्या मानाने ती खरंच तिखट असते. ओकाका म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस. सेकिहान जमलं तर जरूर चाखा: चिकट तांदूळ लाल कडधान्याबरोबर वाफवलेला, वर तीळ-मीठ. एरवी शुभप्रसंगी करायचा हा भात कोंबिनीत बारा महिने मिळतो, आणि एकाने पोट चांगलं धरतं.

लेबल: मागची बाजू आधी

समोरच्या बाजूला चित्र असतं, मागच्या बाजूला खरं काय ते. फोनमधलं कॅमेऱ्यावर चालणारं भाषांतराचं अॅप उघडा आणि चार जागा बघा.

पहिली, तारीख. तिथे वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो. २५.०६.१२ म्हणजे १२ जून २०२५. आपण सवयीने उलटं वाचतो आणि गोंधळतो. ओनिगिरी-बेंतोवर पुढे तासही छापलेला असतो. गोझेन म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत, गोगो म्हणजे त्यानंतर. "१२ तारीख, गोझेन ३" म्हणजे ११ च्या रात्री झोपलात तर सकाळी उठेपर्यंत मुदत संपलेली असेल. ११ च्या रात्री ती ओनिगिरी सकाळच्या न्याहारीसाठी घेऊ नका.

तारखेच्या आधीचा शब्दही महत्त्वाचा. शोओहि किगेन ही सुरक्षिततेची मुदत आहे, ती उलटली की खायचं नाही. शोओमि किगेन ही चवीची मुदत, बिस्किटं, रेटॉर्ट, पाकीटबंद भात यांवर असते. ती उलटल्याबरोबर पदार्थ बिघडतो असं नाही. शिजलेला भात गरम हवेत पडून राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये दिवसभर पाठपिशवीत फिरवलेली ओनिगिरी तारखेत असली तरी मी खात नाही.

दुसरी जागा, किंमत. दोन आकडे असतात: मोठ्या अक्षरात कराविना, लहान अक्षरात करासह. करासहला झेइकोमी म्हणतात, आणि हिशेब त्याच आकड्याने करायचा. काही दुकानांत तो दशांशात असतो.

तिसरी, मीठ. जपानच्या आरोग्य खात्याचं प्रौढांसाठीचं दिवसाचं उद्दिष्ट पुरुषांना ७.५ ग्रॅमच्या आत, स्त्रियांना ६.५ ग्रॅमच्या आत असं आहे. एका ओनिगिरीत साधारण एक ते दीड ग्रॅम मीठ असतं, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण दोन ओनिगिरी आणि सोबत कप नूडल घेतलंत तर एकट्या नूडलमध्येच पाच ग्रॅमच्या आसपास असतं. पहिल्या वर्षी मला रात्रभर तहान का लागायची, ते मला या ओळीने सांगितलं.

चौथी जागा, घटक. ती शाकाहारी लोकांसाठी आहे आणि तिला वेगळा वेळ द्यावा लागतो.

शाकाहारी असाल तर

मांस टाळणं सोपं आहे, दाशी टाळणं कठीण. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाभूत रस्सा, बहुतेकदा कात्सुओ (बोनिटो) माशाचा. तो भाजीत असतो, आमलेटात असतो, सॉसमध्येही असतो. डब्यात डोळ्यांना मासा कुठेच दिसत नाही.

इथे एक खाचखळगा नीट समजून घ्या. घटकांच्या यादीच्या शेवटी कंसात "यात अमुक अमुक आहे" अशी अॅलर्जीची ओळ असते. गहू, अंडं, दूध, शेंगदाणे, अक्रोड, सोबा (बकव्हीट), कोळंबी, खेकडा हे सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. डुक्कर, गाय, कोंबडी, साल्मन, मॅकरेल यांचा उल्लेख करावा अशी शिफारस आहे. बोनिटो या यादीतच नाही. त्यामुळे त्या कंसात मासा दिसला नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. पूर्ण यादी वाचायची, आणि त्यात कात्सुओ, ग्योकाइ एकिसु (समुद्री जीवांचा अर्क), पोओकु एकिसु (डुकराचा अर्क), चिकिन एकिसु (कोंबडीचा अर्क) असे शब्द शोधायचे. ओळखीच्या जपानी माणसाकडून हे शब्द एकदा फोनमध्ये लिहून घ्या. पुढे रोजचे दहा मिनिटं वाचतात.

माझा अनुभव असा. शिओ मुसुबी आणि सेकिहान यांत बहुतेक वेळा अडचण नसते. उमेची ओनिगिरी बघायला निरागस, पण बऱ्याचदा त्या उमेतच कात्सुओ मिसळलेला असतो. कोंबूच्या सारणातही अर्क असू शकतो. इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला आंबट-गोड भात, जवळजवळ नेहमीच दाशीत मुरलेली असते. काकडीची गुंडाळी बरी, पण सोबतच्या सॉसच्या पुडीचे घटक वेगळे वाचा. भाताभोवतीचं नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद) साधं असेल तर ठीक, "चव दिलेलं" असेल तर त्यात कोळंबीचा किंवा बोनिटोचा अर्क असण्याची शक्यता मोठी. भाज्यांची म्हणून विकलेली करीसुद्धा अनेकदा प्राण्यांच्या चरबीवर बनते. आणि कंपन्या घटक गुपचूप बदलतात, त्यामुळे मागच्या महिन्यात चाललं ते या महिन्यातही एकदा वाचाच.

तुम्ही दाशीपर्यंत ताणणार की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पहिल्याच आठवड्यात ठरवा, कारण त्यावर तुमचा महिन्याचा खर्च ठरतो.

काउंटरवर

इथे तीन-चार प्रश्न येतात, तेही भराभर. "अतातामेमास का?" म्हणजे गरम करू का. हवं असेल तर "ओनेगाइ शिमास", नको असेल तर "दाइजोओबु देस". हे "दाइजोओबु" फसवं आहे. शब्दशः "ठीक आहे", पण इथे अर्थ "नको". मी पहिल्यांदा मान डोलवत "दाइजोओबु" म्हटलं आणि गारेगार डबा घेऊन बाहेर आले.

"फुकुरो" म्हणजे पिशवी. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे पडतात. "हाशी" म्हणजे जेवायच्या काड्या, चॉपस्टिक्स. चमचा हवा असेल तर तोंडाने मागा. पैसे हल्ली बऱ्याच ठिकाणी समोरच्या मशीनमध्ये आपणच टाकायचे असतात.

दुकानात बसून खाणार असाल तर तसं सांगावं लागतं. ऑक्टोबर २०१९ पासून विकत घेऊन नेण्याच्या खाद्यपदार्थांवर ८ टक्के कर आहे, तिथेच बसून खाण्यावर १० टक्के. ५०० येनच्या बेंतोवर ५४० की ५५०, एवढाच फरक. दहा येनसाठी खोटं बोलू नये एवढंच म्हणते.

ओनिगिरी उघडण्याची कला

कोरडं, कुरकुरीत नोरी भातापासून वेगळं राहावं म्हणून त्या दोघांमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पडदा असतो. तो नीट निघाला नाही तर नोरी प्लास्टिकबरोबर जातं आणि हातात उघडा, चिकट भात उरतो. पाकिटावर १, २, ३ असे आकडे असतात आणि ते उगाच नसतात.

त्रिकोणाचं टोक वर धरा. टोकावरची १ ची पट्टी धरून सरळ खाली ओढा आणि मागच्या बाजूने पुन्हा वरपर्यंत, पूर्ण वेढा. अर्ध्यात सोडू नका, सगळे घोळ इथेच होतात. आता पाकिटाचे दोन भाग झाले. भात एका हातात हलकेच धरा, २ चा कोपरा बाजूला ओढा. नोरी किंचित करकरत मागे राहतं आणि पडदा सरकून बाहेर येतो. मग हात बदलून ३ चा कोपरा. बाहेर आलेली नोरीची टोकं भाताभोवती दुमडा. दाबू नका, हाताची वाफ लागली की कुरकुरीतपणा गेला. मग लगेच खायचं. पाच मिनिटं फोनवर बोललात तर ते नोरी साध्या ओल्या कागदासारखं होतं.

काही ओनिगिरींवर नोरी आधीच भाताला चिकटवलेलं असतं. ती मऊ प्रकारची, त्यांना हा पडदा नसतो. चूक समजू नका.

गरम करताना

डब्यावर दोन वेळा छापलेल्या असतात, उदाहरणार्थ १५०० वॅटला ४० सेकंद, ५०० वॅटला २ मिनिटं. दुकानाची मायक्रोवेव्ह मशीन दणकट, घरची लहान. तुमची मशीन ६०० वॅटची असेल तर सरळ गुणाकार-भागाकार करा: ५०० गुणिले १२० सेकंद, भागिले ६००, म्हणजे १०० सेकंद. त्याहून जास्त दिलंत तर कडेचा भात वाळतो आणि मधला थंडच राहतो. कमी वेळ देऊन एकदा ढवळणं बरं.

झाकणावर चिकटवलेली सॉसची किंवा मेयोनीजची पुडी आधी काढा. मी एकदा विसरले. पुडी फुगली, फट् झाली, आणि आठवडाभर माझ्या खोलीतला चहासुद्धा सोया सॉसच्या वासाचा लागत होता. अख्खं अंडं असलेली ओनिगिरीही घरच्या मशीनमध्ये घालू नका, अंडं फुटतं.

चुकून फ्रिजमध्ये ठेवलेली साधी ओनिगिरी मात्र वाचवता येते. तारखेत असेल तर वीस-तीस सेकंद गरम करा, कडक झालेला भात पुन्हा सैलावतो. नोरी मऊ पडेल, ते गेलंच. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर तर मुळात ओनिगिरी गरम करून घ्यायची पद्धत आहे, तिथे दुकानदार आपणहून विचारतो. तिकडे गेलात तर सेइकोमार्ट या तिथल्या कोंबिनीच्या 'हॉट शेफ' कोपऱ्यातला दुकानातच शिजवलेला कात्सुदोन (भातावर डुकराच्या मांसाचं कटलेट आणि अंडं) घ्या. मांसाहारी माणसाला एवढ्या पैशांत यापेक्षा चांगला गरम भात शोधावा लागेल.

पैशांचं गणित

२०२५ मध्ये साध्या सारणाची ओनिगिरी साधारण १५० ते २०० येन, महागड्या सारणाची २५० च्या पुढे, बेंतो ५०० ते ७०० येन असा माझा हिशेब होता. जुन्या व्हिडिओंमधला "शंभर येनची ओनिगिरी" विसरा. २०२५ च्या मे महिन्यात सुपरमार्केटमधल्या ५ किलो तांदळाचा सरासरी भाव ४,२०० येनच्या वर, म्हणजे वर्षभरात दुपटीच्या आसपास गेला होता. सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. ओनिगिरी त्यातून कशी सुटेल?

दोन ओनिगिरी, एक उकडलेलं अंडं किंवा तोफू, हे माझं नेहमीचं जेवण. बेंतोपेक्षा थोडं स्वस्त, आणि तळण जवळजवळ शून्य. एक ओनिगिरी साधारण १०० ते ११० ग्रॅमची, १७० ते २३० कॅलरीची. एकीवर दुपार काढायचा प्रयत्न करू नका. चार वाजता चिप्सचं पाकीट घ्याल आणि वाचवलेले पैसे तिथे जातील.

मुदत जवळ आलेल्या मालावर सवलतीचे स्टिकर लागतात. पूर्वी हे दुर्मीळ होतं. मुख्य कंपनीने दुकानदारांना सवलत द्यायला आडकाठी करू नये, असा आदेश जपानच्या स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये सेव्हन-इलेव्हनला दिला, तरी सवय पडायला वेळ लागला. आता फॅमिलीमार्ट या कोंबिनीच्या स्टिकरवर डोळ्यांत पाणी आणलेली ओनिगिरी "मला वाचवा" म्हणते, आणि ती वाचवण्यात दोघांचंही भलं आहे. लगेच खाणार असाल तर मागचा ताजा माल उपसू नका, पुढचाच घ्या. याला तेमाएदोरी म्हणतात, कपाटावर तशी पाटीही दिसेल. पण खरी मोठी सूट हवी असेल तर रात्री सुपरमार्केट गाठा. तिथे "हानगाकु", म्हणजे अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात, आणि कोंबिनी त्यापुढे टिकत नाही.

महिनाअखेरीसाठी तिसऱ्या मांडणीवरच्या वस्तू घरात ठेवा. सातो नो गोहान हा पाकीटबंद भात १९८८ पासून बाजारात आहे. २०० ग्रॅमचं पाकीट, झाकण थोडं उघडून ५०० वॅटला दोन मिनिटं. तो फ्रिजमध्ये ठेवावा लागत नाही आणि महिनोन्महिने टिकतो. एकेक न घेता सुपरमार्केटातून जुडगं घ्या. सोबत रेटॉर्ट करी: बोन करी १९६८ साली आली, जगात विक्रीला आलेली ती पहिली रेटॉर्ट करी. चंदेरी पाकीट मशीनमध्ये घालू नका, उकळत्या पाण्यात गरम करा. मशीनमध्ये चालणारी पाकिटं वेगळी असतात आणि तसं त्यांच्यावर छापलेलं असतं.

रिकामा डबा दुकानाच्या कचरापेटीत टाकता येतो, पण तिथून घेतलेलाच. घरचा कचरा तिथे नेला तर बोलणी खावी लागतात. घरी आणला असेल तर विसळा, आणि त्यावरचं प्लास्टिकचं चिन्ह बघून तुमच्या वॉर्डाने ठरवलेल्या वारी बाहेर ठेवा. माझ्याकडे तो वार गुरुवार, सकाळी आठच्या आत.